आमचं पेज कुणाच्या हातात होतं

पूस, म्हणजे पौष, लागला की रायपुरातल्या आमच्या गुढियारीत कपडे उलटे वाळत घालतात. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी थंडीत वर जात नाही, खाली उतरते, आणि ओल्या कपड्यावर बसली की काही केल्या निघत नाही. म्हणून आतली बाजू बाहेर. शाळेचे सदरे, लुगडी, झबली, सगळं आपली शिवण दाखवत गच्च्यांवर लटकत असतं. यंदाही लटकलं. मी गच्चीवर गेले, दोरीवरच्या चादरीवरून बोट फिरवलं, बोट काळं झालं आणि मला भीती वाटली. धुळीला मी भीत नाही. तिच्याशी आमचं जुनं भांडण आहे, त्याची पत्रकं मीच लिहिली आहेत. ही भीती वेगळी. ती याच महिन्यात, चार वर्षांपूर्वी आमच्या घरात शिरली आणि अजून निघालेली नाही.

खालून आई ओरडली, "काय करून राहिली वं वर? फोन तं नाही ना हातात?"

"नाही."

"दाखव हात."

सत्तावीस वर्षांची आहे मी. कलेक्टर कचेरीसमोर ठाणेदाराशी तोंडाला तोंड देऊन भांडलेली. आणि मी गच्चीच्या कठड्यावरून आईला दोन्ही रिकामे हात दाखवते. तिची चूक नाही. पुसात मी फोन उघडला की माझा चेहरा कसा होतो ते तिनं पाहिलंय.

मी पत्रकं लिहायला शिकले ते काकांकडून. काका म्हणजे बाबांचे रेल्वेतले जुने सोबती. निवृत्तीनंतर त्यांनी वस्तीतल्या विहाराचा एक कोपरा धरला आणि दर रविवारी दुपारी आम्हा चार-पाच जणांना सतरंजीवर बसवून कागदाच्या घड्या घालायला लावल्या. विशेषणं कापायची. मागणी पहिल्या ओळीत. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात का होईना, तीन गोष्टी: कागद कोणी काढला, कुठं छापला, किती प्रती काढल्या. "खाली नाव नसलेला कागद घरात घेऊ नोको," काका म्हणायचे. "तो कागद नसते, धमकी असते."

त्यांनी दुसरीही एक सवय लावली. तिच्यावर आमच्या कामाचा सगळा डोलारा. गठ्ठा उचलणाऱ्याला प्रश्न विचारायचे नाहीत. सायकलरिक्षावाला म्हणाला मी वाटतो, दे. भाजीवाली म्हणाली माझ्या टोपलीत ठेव, ठेव. पक्ष विचारू नको, जात विचारू नको, तो तिथवर पोचेल का तेवढं बघ. मोजक्या माणसांनी अख्ख्या पाऱ्यापर्यंत, म्हणजे वस्तीभर, पोचायचं तर दुसरा उपाय नव्हता. कागद अनोळखी हातात गेला की मला आनंद व्हायचा. आपलं म्हणणं आता आपल्या पायांच्या पुढं गेलं, असं वाटायचं.

मग एक उन्हाळा आला, नळ कोरडे पडले, आणि टँकर कधी येणार हे कोणालाच कळेना. बायका भर उन्हात पाण्याच्या गुंड्या, म्हणजे घागरी, रांगेत लावून बसायच्या. टँकर यायचा दुसऱ्याच गल्लीत. तेव्हा मी फोनवर एक पेज काढलं, 'गुढ़ियारी पानी ख़बर'. चित्र म्हणून आमच्याच घरातल्या पितळी गुंडीचा फोटो. टँकरच्या ड्रायव्हरांना फोन करायचा, वेळ विचारायची, पेजवर टाकायची. एवढंच काम. पण ते पाऱ्यात पोचवायला आम्ही पत्रकं वाटली, हिंदीत, आणि त्यात ठळक अक्षरांत एक ओळ होती: 'इसी पेज पर भरोसा करें.' ती ओळ माझी. काकांनी खोडली नाही. मला तर ती फार आवडली होती.

समोरच्या घरातली पिंकीची मम्मी नळाच्या चौकात उभी राहून मोठ्यानं वाचून दाखवायची, "दीदी ने डाला है, साढ़े चार बजे." आणि साडेचारला टँकर यायचा. मग पाचला यायचा. मग सकाळी यायचा. ज्या वेळी लिहिलं त्या वेळी यायचा. भरोसा असा भिजत भिजत आत जातो. महिनाभरात ज्यांना वाचता येत नव्हतं त्याही बायका दुसऱ्याच्या फोनवर गुंडीचं चित्र ओळखू लागल्या.

पाऊस झाला. नळ आले. पेज शांत पडलं. मला वाईट वाटायचं, एवढी माणसं जमलीत आणि सांगायला काही नाही. तेवढ्यात एक निरोप आला. भाषा अदबीची. नमस्ते दीदी, आपका काम बहुत अच्छा है, हम शहर भर की सूचनाएँ चलाते हैं, इसे बंद मत होने दीजिए, हमें भी जोड़ लीजिए. मी जोडलं. पेज चालवायचे सगळे हक्क देऊन टाकले. नाव विचारलं नाही, पत्ता विचारला नाही. गठ्ठा उचलायला कोणीतरी आलं, एवढंच मला दिसलं. पंधरा दिवसांनी उघडून बघते तर मलाच काढलेलं. रागवायला हवं होतं. पण खरं लिहिते, मला हलकं वाटलं. एक काम कमी झालं.

दिलेला गठ्ठा जिथं जातो तिथं माझं नाव घेऊन जातो, आणि त्यावर नंतर कोणी दुसरं काही छापू शकत नाही. पेजचं तसं नसतं. मी त्यांना कोरं तोंड दिलं होतं आणि समोर बसलेले कान दिले होते. हे मला कळायला पूस उजाडावा लागला.

त्या पुसात धूर गल्लीतच राहायला आल्यासारखा होता. सकाळचे नऊ वाजले तरी मालगोदामाकडचे ट्रक दिवे लावून यायचे. पेजचं नाव मध्येच कधीतरी बदलून 'रायपुर सावधान' झालं होतं. चित्र मात्र तेच, आमची गुंडी. त्यामुळे कोणाच्याच लक्षात आलं नाही. आधी धुक्यानं उशिरा धावणाऱ्या गाड्यांची माहिती आली. गॅस सिलिंडरची आली. दोन्ही खरी. मग एके दिवशी आलं, 'शहर में बोरीवाली औरतों का गिरोह, बच्चे उठा रहा है.' बोरी म्हणजे पोतं. सोबत कुठल्यातरी परक्या गावातल्या रडणाऱ्या पोराचा फोटो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दोनदा.

पारा कसा बदलतो ते मी त्या आठवड्यात पाहिलं. आधी गल्लीतला चेंडू बंद झाला. मग शाळेच्या फाटकाशी बाप लोक कामाचा खाडा करून उभे राहू लागले. कुल्फीवाल्यानं घंटी वाजवणं सोडलं, कारण घंटी वाजली की दारं लागत. नळावर बायका पाठीला पाठ लावून उभ्या राहायच्या. मी धुळीची पत्रकं घेऊन गेले तर ओळखीच्या घरातून आवाज आला, "कौन?" मी नाव सांगितलं. तरी दार उघडायच्या आधी खिडकीची फट उघडली, एक डोळा दिसला, मग कडी निघाली. खांद्यावरच्या माझ्या झोळीकडे त्या डोळ्यानं आधी पाहिलं.

मी हसत होते तेव्हा. लोक खुळे आहेत म्हणत होते.

पुसाच्या पुनवेला इथं छेरछेरा असतो. नव्या धानाचा सण. पोरं टोळीनं थैल्या घेऊन दारोदार ओरडत फिरतात, प्रत्येक घरानं ओंजळभर धान किंवा तांदूळ घालायचा. आमचे लोक विदर्भातून आलेले, आमच्यात हा सण नाही, पण आईनं तो कधीच आपला केला. पहाटे सूप भरून ती दारात ठेवते. त्या पुनवेलाही ठेवलं. आठ वाजले, नऊ वाजले, बारा वाजले. चिमण्या आल्या, सुपाच्या काठावर बसून टिपू लागल्या. कोणी हाकलणारं नव्हतं.

"पोट्टे काहून नाही आले वं?" आईनं विचारलं.

"भीतीनं. अफवा आहे नं."

"कोणं उठवली?"

मी म्हटलं, पाहते. आणि फोन उघडला.

पेजवर सुकवारोचा फोटो होता.

सुकवारो म्हणजे आमची बर्तनवाली. अभनपूरकडच्या गावातून बसनं यायची, डोक्यावर स्टीलची टोपली, खांद्याला बोरी. जुने कपडे घ्यायचे, भांडी द्यायची. माझ्या जन्माच्याही आधीपासून ती आईकडे येत होती. दोघींचं भांडण ऐकण्यासारखं. सुकवारो साडी उन्हात धरायची आणि म्हणायची, "एमा त छेदा हे, बहिनी." आई म्हणायची, "छेद नाही वं ते, हवा जायला ठेवले." मग दोघी हसायच्या, आणि एका डब्यावर सुरू झालेला सौदा डबा आणि झाऱ्यावर मिटायचा.

फोटोत ती वाकून बोरीचं तोंड बांधत होती. तिच्या शेजारी, टोपलीतल्या चकचकीत पेल्यांकडे बघत, पाठमोरं एक लहान पोर. वर लिहिलं होतं, 'गुढ़ियारी में दिखी बोरीवाली. बोरी में क्या है? माताएँ सतर्क रहें, आगे भेजें.' मी फोटो मोठा केला. मागं निळं फाटक होतं. आमच्या गल्लीतलं. म्हणजे फोटो काढणारा आमच्या गल्लीत उभा होता. चौकातून गलका ऐकू आला तो याच वेळी.

भर दुपार होती. चौकात नळापाशी तीसेक माणसं गोल करून उभी, आणि गोलाच्या आत सुकवारो खाली बसलेली. टोपली उलटी. पेले घरंगळत गटारापाशी गेलेले. कोणीतरी बोरी पालथी केली होती आणि बोरीतून लहान मुलांचे कपडे निघाले होते. झबली. चड्ड्या. एक फ्रॉक. मुलं वाढतात, कपडे आखूड होतात, बर्तनवालीला जातात. हे त्या चौकातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. स्वतः तिनं दिलेले होते. पण त्या दुपारी कोणालाच ते आठवेना. पिंकीची मम्मी, जी माझ्या आजारपणात मऊ भाताचा डबा पोचवायची, ती फ्रॉक उंच धरून किंचाळत होती, "ये किसके बच्चे का है? बोल! किसके बच्चे का है?"

सुकवारो नुसती म्हणत होती, "देहे हें, दाई. देहे हें." दिलाय, माय. दिलाय.

मी गोलात शिरले. "सोडा तिला. ही खबर झूठी आहे." मराठीतच बोलले, घाबरून. मग हिंदीत.

एका माणसानं फोन माझ्या तोंडासमोर धरला. "दीदी, आपका ही तो पेज है."

"अब मेरा नहीं है."

"तो किसका है?"

मी तो फोन बाजूला सारला.

"पानी का टाइम भी तो इसी ने बताया था," मागून कोणीतरी म्हणालं. "आप ही ने तो पर्चे में लिखा था, भरोसा करो."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी हे पेज एका अनोळखी माणसाला दिलं, नाव न विचारता दिलं, चूक माझी आहे, मला मारा. हे एवढं वाक्य. सभेत माइक नसला तरी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तो आवाज गेला कुठं? तीस चेहरे माझ्याकडे वळले, आणि मी एक पाऊल मागं घेतलं. कोणी पाहिलं नसेल. सुकवारोनं पाहिलं.

आईला मी येताना पाहिलंच नाही. तिनं सरळ पिंकीच्या मम्मीच्या हातातून तो फ्रॉक घेतला. उलटा होता, दोरीवरून काढलेला तसाच घडी करून दिलेला, शिवणी आणि धागे बाहेर. आईनं हात आत घालून तो सुलटा केला. छातीवर पिवळं बदक होतं.

"ये तेरे पिंकी का नहीं क्या?" आईनं विचारलं. साध्या आवाजात, जसं नळावर विचारतात.

पिंकीच्या मम्मीनं फ्रॉककडे पाहिलं. मग ती मटकन खाली बसली आणि रडू लागली, आणि तिचं रडणं ऐकून गोल सुटा झाला. पुरुष आधी गेले. कोणी पेले उचलले नाहीत.

सुकवारोचा एक कान फाटला होता, कानातला खिनवा ओढून काढला होता कोणीतरी. आमच्या घरात ती भिंतीला पाठ लावून बसली. हळद लावू दिली, पाणी घेतलं नाही. दिवस कलायच्या आत तिचा मुलगा येऊन तिला घेऊन गेला. सूप दारात तसंच होतं.

पेज जिच्यावर चालायचं त्या कंपनीकडे मी तक्रार केली. उत्तर आलं की मजकूर तपासला, नियमांचा भंग आढळला नाही. कोणी तपासला, ते उत्तराखाली नव्हतं. मग मी त्या पेजचा कोपरा न् कोपरा दाबत बसले, आणि तीन-चार पडद्यांच्या आत, जिथं पिंकीची मम्मी जन्मात पोचली नसती, तिथं फिकट अक्षरांत सापडलं. पेज कधी सुरू झालं. पहिलं नाव काय. नाव केव्हा बदललं. म्हणजे त्यांना माहीत होतं! कंपनीला सगळं माहीत होतं. गुंडीच्या चित्रामागं आता दुसरे हात आहेत, हे त्यांनी लिहूनही ठेवलं होतं, फक्त वाचणाऱ्याच्या वाटेत ठेवलं नव्हतं. मी कोणत्या चपला दोनदा पाहिल्या ते त्यांना कळतं, त्या चपला आठवडाभर माझ्या पाठीस लागतात. आणि मी ज्याच्यावर विश्वास ठेवतेय तो कालचा माणूस राहिला नाही, हे मला सांगायचं तर जागा नाही?

कंपनीकडे मागणीचं पत्रक काढायचं ठरलं. काकांना वाटत होतं, मागणी करू की प्रत्येक खात्याखाली खरं नाव छापा. मी त्यांच्याशी भांडले. रात्री धूर गाळायची यंत्रं बंद ठेवतात, हे आम्हाला सांगणारा सिलतऱ्याचा मजूर नाव लावून कसा बोलेल? दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर. नाव नको. वागणूक दाखवा. हे खातं कधीपासूनचं, आधी काय म्हणवत होतं, कधी हात बदलले, कुठून चालतं, हाच मजकूर याच मिनिटाला आणखी किती खात्यांनी टाकला. आणि ते आत कुठं पुरून नको, त्या मजकुराच्याच अंगावर, भीती जिथं लिहिली त्याच्या खालीच. काकांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "लिही."

लिहिलं. माझी चूक पहिल्या ओळीत घातली. खाली माझं नाव, घराचा पत्ता. छापायला देणार त्या सकाळी एक निरोप आला, त्याच अदबीच्या भाषेत. दीदी, आप भी तो झोला लेके घर-घर जाती हैं. बस एवढंच. त्यापुढं हात जोडल्याचं चित्र.

नऊ दिवस मी घराबाहेर पडले नाही. गल्लीत कोणी फोन उंच धरला की मी खिडकीतून मागं व्हायचे. हवामान बघत असेल, आईचा फोन असेल. कोण सांगणार? पाऱ्यातला प्रत्येक माणूस मला एकेक करून संशयित वाटला, माझ्या शाळासोबतिणीसुद्धा. लोकांना खुळं म्हणणारी मी, फटीतून एका डोळ्यानं बघू लागले. दहाव्या दिवशी आईच म्हणाली, "छापायला टाक. नाहीतर मी टाकून येतो." बायकांनीही येतो, जातो म्हणायचं, ही आमची वऱ्हाडातली बोली. तिच्या तोंडून ते त्या दिवशी फार भारी वाटलं. पत्रक निघालं. काही घरांनी घेतलं, काहींनी दार उघडलं नाही. पेज पुढच्याच महिन्यात आणखी एक नाव घेऊन दुसऱ्या शहराच्या मागं लागलं. गुंडी अजून तीच आहे.

फाल्गुनात मी सुकवारोच्या गावी गेले. अभनपूरला उतरून पुढं पायी. अंगण सारवलेलं, टोपली खुंटीला टांगलेली, रिकामी. त्या दिवसापासून ती कुठल्याच गावात गेली नव्हती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि चौकात जे वाक्य बोलायचं होतं ते बोलले. पेज माझं होतं, मी दिलं, न विचारता दिलं. तिनं ऐकून घेतलं. रागवली नाही.

"नाव का हे ओकर?" तिनं विचारलं. त्याचं नाव काय.

"नहीं मालूम, दाई."

"कहाँ रहिथे?"

"नहीं मालूम."

तिनं कानाच्या पाळीला हात लावला. तिथं आता गाठ झाली होती.

"ओ मोला देखे हे?"

"हव," मी म्हणाले. पाहिलंय त्यानं.

"अउ मैं ओला?"

आणि मी त्याला? मी नाही म्हणून मान हलवली.

घरात आम्ही दोघीच होतो. सुकवारोनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, सगळा चेहरा झाकून घेतला, आणि मी निघेपर्यंत ती तशीच बसून राहिली.